पारोसा राखणदार

माझं तोंड वाईट. कारखान्यात कोणालाही विचारा, स्टोअरवाली पद्मावती कशी आहे म्हणून. सांगतील, हातात वस्तू द्यायच्या आधी कानात चार शब्द घालते. घालतेच. ज्याला पाना द्यावा तो पाना हरवून येतो, हातमोज्यांचा जोड न्यावा तर एकच परत आणतो, आणि वर मलाच सांगतो, पदूबाय, जरा गोड बोला. गोड बोलायला मी काय मिठाईचं दुकान मांडलंय? स्टोअर आहे ते. तिथून निघालेल्या वस्तूवर माणसाचा जीव असतो. हे मी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ते कोणाला ऐकूच येईना.

आमचा कारखाना डिचोलीच्या बाहेर, पूर्वी खनिजाचे ट्रक धावायचे त्या रस्त्यावर. फळांचा रस काढतो आम्ही. काजूच्या हंगामात कोरगावहून बोंडांचे टेम्पो येतात, मागोमाग आंबा, मग अननस. फळं धुतलेलं पाणी, चोथा, साली, सगळं मागच्या अंगाला जमिनीखालच्या टाकीत जातं. त्या टाकीला आम्ही कोंड म्हणतो. पावसाळाभर कारखाना जवळजवळ बंद असतो आणि कोंडात तो चोथा झाकणाखाली कुजत पडतो. दसरा झाला की पुढच्या हंगामासाठी तो साफ करायचा, ही दरवर्षीची रीत.

कुजक्यातून वायू निघतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे आम्हा सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. पण पुढचं माहीत नव्हतं. ते सांगायला कंपनीने पुण्याहून शीतल नावाच्या मॅडम आणल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून सांगितलं की हा वायू थोडा असला तर घाण येते, आणि खूप वाढला की नाकच मरतं. वास गेला असं वाटतं. वास गेला म्हणजे हवा चांगली झाली असं समजू नका, तिथून पळा. म्हणून नाकावर भिस्त ठेवायची नाही, मॉनिटरवर ठेवायची. माणसं माना डोलवत होती आणि चहा कधी येतो ते बघत होती.

मॉनिटर म्हणजे तळहाताएवढी पिवळी डबी. छातीशी चिमट्याने लावायची. तोंडावर चार गोल भोकं, आत पांढरी बारीक जाळी. एक भोक प्राणवायूचं, एक पेट घेणाऱ्या वायूचं, एक धुराच्या विषाचं आणि एक ह्या सडक्या वायूचं. हवा बिघडली की डबी थरथरते, लाल दिवा मारते आणि अशी किंचाळते की मेलेला उठून बसेल. आमच्याकडे अशा दोन डब्या. रोज कोणाला द्यायच्या आधी टेस्ट गॅसच्या छोट्या सिलिंडरची नळी मी तिच्या तोंडावर धरायची, आतला विषारी वायू चिमूटभर सोडायचा. किंचाळली तर द्यायची, गप्प राहिली तर कपाटात. बंप टेस्ट म्हणतात त्याला. ते काम माझं, आणि त्यात मी देवाचंही ऐकलं नसतं.

आता दिनकररावांचं सांगते. दिनकर चंदगडकडचा. फिटर म्हणून आला, डिचोलीत खोली घेऊन राहिला, आणि आमच्या नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या जत्रेत माझी धाकटी बहीण राणी त्याच्या नजरेस पडली. मी विरोध केला होता. परमुलखातला माणूस, ना घर ना दार, असं बरंच काही बोलले मी. त्याने ते सगळं मान खाली घालून ऐकलं आणि लग्नानंतर पहिल्या दसऱ्याला येऊन माझ्याच पाया पडला. मग काय बोलणार? राणी त्याच्या घरात फुलासारखी राहिली. माझा राग तोंडातून गेला नाही, पण पोटातून गेला. धाकट्या बहिणीचा नवरा, तरी मी त्याला अहो-जाहोच करायची, आणि तो मला ताई म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी ह्याच कोंडात तो पंप काढायला उतरला होता. डबी किंचाळली. हा पंप टाकून वर आला, आणि झाकणाबाहेर पाय काढतोय तेवढ्यात खालच्या गाळातून बुडबुड्यांचा असा लोट उठला की वर उभे असलेलेही खोकत मागे सरले. त्या दिवसापासून ती डबी दिनकररावांचा राखणदार झाली. राखणदार आमच्याकडचा. गावच्या शिवेवर, मोठ्या झाडाखाली त्याची जागा असते. त्याला रोट द्यायचा, विडी द्यायची, थोडी दारू शिंपडायची, आणि तो रात्री दांडा आपटत गावाभोवती फिरतो. चंदगडच्या माणसाने हे आमच्याकडून उचललं आणि पिवळ्या डबीला लावलं. डबीच्या पाठीवर त्याने रंगाने छोटा दांडा काढला होता. सोमवारी तो तिच्यावर अबोलीचं फूल ठेवायचा. मी चिडवायची, तुमच्या राखणदाराला चार्जर लागतो हो. तो हसायचा आणि म्हणायचा, माणसाला जेवण लागतं तसंच ते.

चांगला माणूस. हे लिहितानाही मला त्याचा राग येतो, आणि चांगल्या माणसाचा राग आला की तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा असते. पंप, कन्व्हेयर, फोर्कलिफ्ट, पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळद आणि पिंजर, म्हणजे कुंकू, लावायची, झेंडूच्या माळा घालायच्या. पुढे दसऱ्याला सुट्टी. पूजलेल्या हत्याराला मध्ये हात लावायचा नाही आणि लावलेलं गंध पुसायचं नाही; ते वापरता वापरता आपोआप जायला हवं. कोल्हापूरकडची माणसं काय, बेळगावकडची काय, आणि आम्ही गोंयकार काय, ह्या बाबतीत सगळे सारखेच. त्या दिवशी मला देवळात ओटी भरायची होती म्हणून मी दुपारीच नार्व्याला निघाले. एक डबी चार्जिंगला लावून कपाटाला कुलूप घातलं आणि चावी माझ्याबरोबर गेली. दुसरी, दिनकररावांची, पूजेसाठी मेजावर काढून ठेवली होती.

म्हणजे एका राखणदाराची पूजा झाली आणि दुसरा कपाटात राहिला. दिनकररावांना ते फार लागलं. दसऱ्याला सोनं द्यायला राणीला घेऊन माझ्या घरी आले तेव्हा आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून म्हणाले, ताई, एकाला पारोसा ठेवलात. पारोसा म्हणजे आंघोळ न केलेला. मी म्हटलं, आंघोळ घातली तर बिघडेल तो. राणी खो खो हसली. तिने करून आणलेलं मणगणं, चणाडाळीची गोड खीर, खाल्लं आम्ही, आणि ते निघाले तेव्हा मी दिनकररावांना सांगितलं की उद्या एकादशी आहे, उपाशी पोटी कोंडात उतरू नका. त्यांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो नव्हे, हे मला त्यांच्याबाबतीत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअर उघडलं. मेजावर झेंडूचा ढीग. तो बाजूला केला तर खाली डबी, आणि तिच्या चारही भोकांवर गंधाचे चार टिळे. नुसते टिळे नव्हे. दिनकररावांनी घरून सहाण आणून चंदन उगाळलेलं, त्यात हळद कालवलेली, आणि अनामिकेने दाबून एकेक भोक नीट भरलेलं. मध्ये पिंजरीचा ठिपका. दोन दिवसांत ते सुकून टणक झालं होतं. चार कपाळं सजवावीत इतकं सुंदर काम होतं ते.

मी फडकं ओलं केलं. तेवढ्यात दिनकरराव आले आणि त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत ह्या माणसाने माझ्या हाताला कधी हात लावला नव्हता. पूजेचं गंध पुसायचं नसतं, म्हणाले. मी म्हटलं, ठीक, पुसत नाही, बंप टेस्ट करते. किंचाळली तर न्या. सिलिंडर काढलं, त्यालाही झेंडूची माळ होती.

"ताई, राखणदाराची परीक्षा घेत्यात व्हय? रोज घेतासा, मी गप बसतो. आज नको. आज त्येचा मान हाय."

मी म्हटलं, मग दुसरी डबी न्या, कपाटात आहे. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही घाण बोलले. पारोसा देव घेऊन एकादशीला खाली उतरू? ते जमणार नव्हतं. आमचं हे चाललेलं असताना सुधीर आला. सुधीर आमचा सुपरवायझर, डिचोलीतल्याच घरचा, मुलगा वाईट नाही पण सदा घाईत. गाळ खेचायचा टँकर दारात येऊन उभा होता आणि त्याला पुढे दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं. सुधीरने सांगितलं की डबी सुरू करा, ती सुरू होताना स्वतःच स्वतःला तपासते. मी म्हटलं, ती बॅटरी तपासते, नाक नाही. शीतल मॅडमनी सांगितलं होतं हे. त्याने घड्याळ बघितलं.

दिनकररावांनी बटण दाबलं. डबी जागी झाली आणि किंचाळायला लागली. स्टोअरमध्ये, चांगल्या हवेत. पडद्यावर प्राणवायूचा आकडा खाली खाली चाललेला आणि लुकलुकत होता. मी म्हटलं, घ्या, आता तरी डोळे उघडा. दिनकरराव पांढरेफटक पडले. देव कोपला असं वाटलं त्यांना. मग त्यांनी पडदा नीट बघितला, कोणता आकडा लुकलुकतोय ते ओळखलं, शर्टाची सेफ्टी पिन काढली, डबी कपाळाला लावून माफी मागितली, आणि तेवढं एकच भोक कोरून साफ केलं. जाळीवरून फुंकर घातली. आकडा चढला, जागेवर आला, किंचाळणं थांबलं. बाकी तीन ठिकाणी शून्य, शून्य, शून्य.

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की काय सांगू. बघा ताई, म्हणाले, बोलला की नाही? गुदमरत होता, सांगितलं त्याने. सुधीरने शून्यं बघितली, कोंडात उतरायच्या परमिटवर सही ठोकली. मी ओरडत राहिले की टेस्टशिवाय मी ही डबी दिली असं धरू नका, दारात आडवीसुद्धा झाले. सुधीर माझ्या बाजूने निघून गेला, मागोमाग दिनकरराव, डबी छातीला लावून. माझं ओरडणं रोजचंच. हातमोज्यांसाठी ओरडते, चहाच्या कपासाठी ओरडते, फडक्यासाठी ओरडते. ह्याच्यासाठीही त्याच आवाजात ओरडले, दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता.

ते दोघं गेल्यावर मी झेंडू गोळा करायला लागले. आणि आमच्या आईचं बोलणं डोक्यात आलं. आम्ही पाच भावंडं, आई म्हणायची, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. एक भोक रडलं, त्याला हवा मिळाली. बाकीची तीन? त्यांना रडताच येणार नव्हतं. प्राणवायूचं भोक बुजलं की आतली हवा संपते आणि ते बोंब मारतं. विषाची भोकं बुजली की विष आत जात नाही, आणि विष नाही म्हणजे शून्य. ती मरेपर्यंत शून्यच दाखवणार. ते शून्य बघूनच सुधीरने सही केली होती.

मी कपाट उघडून पारोसी डबी काढली, सिलिंडरची नळी तिच्या तोंडावर धरली. ती किंचाळली, लख्ख. मग मी धावले. ह्या वयात, साडीत, कन्व्हेयरच्या खालून वाकून. धावताना मनात एकच होतं, की दिनकरराव अजून उतरले नसोत, बूट घालत बसलेले असोत, टँकरवाल्याशी गप्पा मारत असोत.

ते उतरले होते. झाकणापाशी विजय उभा होता, दोर हातात धरून. विजय गडहिंग्लजकडचा, दिनकररावांचाच माणूस, त्यांनीच कामाला लावलेला. दोर सैल होता. दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं; खाली खांबाला अडकतो म्हणून दिनकररावांनी तो सोडून ठेवला होता. हवा सोडायचा पंखा टँकरच्या नळीला वाट द्यायला बाजूला सरकवलेला आणि बंद. आणि मी झाकणापासून अजून लांब होते, फणसाच्या झाडापाशी, तेव्हाच माझ्या हातातली डबी किंचाळायला लागली.

विजयने मागे बघितलं आणि हसला. त्याला पूजा मिळाली नाही म्हणून रागावलाय तो, म्हणाला. मी विचारलं, दिनकरराव काय म्हणतात? तो म्हणाला की आधी गाळ ढवळला तेव्हा भयंकर घाण आली, दादा शिव्या देत होता, पण आता वास पार गेला म्हणतोय. राखणदार गप्प आहे.

वास गेला म्हणतोय.

मी विजयला मागे ओढलं, पंखा लाव म्हणून ओरडले, आणि तोंडावर पदर धरून लांबूनच खाली हाक मारली. आहे तसे वर या, फावडं टाका, वर या. खालून फावड्याचा आवाज येत होता, गाळात रुतून निघाल्याचा. तो थांबला. मग त्यांचा आवाज आला, जरा जड, झोपेतून बोलावं तसा.

"ताई, कशापायी ओरडतासा? हितं काय बी वास न्हाई."

मी पुन्हा ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नसेन तितकं. माझ्या हातात डबी किंचाळत होती आणि वर मी किंचाळत होते, आणि त्यांच्या छातीवरचा राखणदार खाली गप्प होता. मग पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर काही नाही.

विजयने दोर फेकला आणि झाकणाकडे झेप घेतली. मी त्याची कॉलर धरली. तो तरणाबांड पोर, मला फरफटत नेलं त्याने. मी त्याच्या थोबाडीत मारली, दंडाला चावले, आणि शेवटी त्याच्या पायांना मिठी मारून जमिनीवर पडले. तो रडत होता, सोडा म्हणत होता. दादा बुडतोय, म्हणत होता. तो खरं बोलत होता.

"माझ्या राणीचा नवरा आहे तो," मी म्हटलं. "तरी तू जायचं नाहीस. तू गेलास तर दोन मढी निघतील, विजय."

सुधीर धावत आला. त्याने पंखा लावला, अग्निशामक दलाला फोन केला, आणि मग माझ्यासारखाच विजयला धरून उभा राहिला. आमच्याकडे पाठीवर हवेचं नळकांडं लावून उतरायचं साहित्य नव्हतं. झाकणापाशी डबी किंचाळत होती, आणि आम्ही तिघं एकमेकांना धरून त्या काळ्या भोकाकडे बघत होतो. त्या वेळात मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. नार्व्याचं देऊळ आठवलं, ओटी आठवली, आणि ह्या सगळ्याचा मला इतका राग आला की त्या रागावरच मी विजयला धरून ठेवू शकले.

दलाची माणसं लवकर आली. पाठीवर हवा घेऊन दोघं उतरले, पट्टा बांधून दिनकररावांना वर काढलं. चेहरा गाळाने माखलेला. एकाने छातीवर दाब द्यायला घेतलं तेव्हा मध्ये येते म्हणून डबी काढून गवतावर ठेवली. ती चालू होती. तिचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. प्राणवायू जागेवर, बाकी शून्य, शून्य, शून्य. गंधाचे तीन टिळे पाण्यातूनही तसेच होते. चौथ्या ठिकाणी पिनेने कोरल्याची खूण. दिनकरराव मात्र परत आले नाहीत, गवतावरही नाही आणि इस्पितळातही नाही.

राणीला मी सांगितलं. ते सांगत नाही.

दहाव्या-बाराव्यापर्यंत घरात माणसं होती. त्यांच्यातलंच कोणीतरी राणीला म्हणालं की विजय उतरायला निघाला होता, पद्मावतीने त्याला उतरू दिलं नाही. कोण म्हणालं ते मला माहीत आहे, पण त्यात त्याचं काय चुकलं? खरंच होतं ते. राणीने माझ्याकडे बघितलं आणि त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मी जन्मले आहे. ती नुसती उठून आतल्या खोलीत जायची. त्याच आठवड्यात विजयची बायको गौरवी माझ्या दारात आली. हातात नारळ, ब्लाउजपीस, पोटात सहा महिन्यांचं मूल. तिने माझी ओटी भरली, पायांवर डोकं टेकलं आणि तशीच गेली. तो नारळ मी फोडला नाही. कोणाला दाखवलाही नाही.

पोलीस आले, सरकारी साहेब आले. राखणदार पुराव्यासाठी पिशवीत घालून नेला. सुधीरची बदली झाली. नव्या सुपरवायझरने भिंतीवर मोठा बोर्ड लावला की बंप टेस्टशिवाय मॉनिटर नेऊ नये. माणसं त्याच्यापुढून माना डोलवत जातात. मी आताही ओरडते, आता सगळे ऐकतात, आणि ऐकतात म्हणून मला आणखी संताप येतो.

शिमग्याच्या सुमाराला राणी कारखान्यात आली. मला वाटलं फाटकाशी कोणी दुसरीच उभी आहे, इतकी वाळली होती. दिनकररावांचा डबा, चपला आणि त्यांची ती सहाण कॅन्टीनच्या कपाटात राहिली होती, ती न्यायला आली होती. मी पिशवी भरून दिली. माझ्या मेजावर दसऱ्याची आपट्याची पानं होती, त्यांनीच दिलेली, वाळून खडखडीत झालेली. राणी त्या पानांकडे बघत उभी राहिली. पाच महिन्यांनी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"ताई, ती डबी ओरडता कशी, ती माका आयकव."

मी म्हटलं, नको गो. ती हलली नाही. तिची पिशवी हातातच होती. शेवटी मी पारोसी डबी काढली, सुरू केली, सिलिंडरची नळी डबीच्या तोंडावर धरली आणि वायू सोडला.

डबी किंचाळली. लाल दिवे, थरथर, सगळं. बाहेर कन्व्हेयर चालू होता तरी पलीकडच्या शेडमधल्या माणसांनी वळून बघितलं. राणीने कान झाकले नाहीत. डोळे मिटून ऐकत राहिली, देवळात गाऱ्हाणं ऐकतात तशी.

"इतक्या मोठ्यान ओरडता?" ती म्हणाली. "मगे तो वयर आयलो असतो, ताई."

मी म्हटलं, हो, वर आले असते. तिने माझा हात धरला, नळी धरलेला, आणि बराच वेळ सोडला नाही. मी दुसऱ्या हाताने सिलिंडर बंद केलं. डबी आणखी थोडा वेळ ओरडत राहिली, मग हवा निवळली आणि ती गप्प झाली.